लांब पल्ल्याची गोळी

धानाच्या दोन बांध्या रानडुकरांनी एका रात्रीत उकरून टाकल्यामुळे हवालदिल झालेला, आणि वनखात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगीच्या कागदाची वाट पाहत असलेला पवनीजवळच्या खेड्यातील एक तरुण शेतकरी गेल्या कार्तिकात माझ्याकडे आला, आणि आपल्या रायफलीवर कोणती दुर्बीण बसवावी म्हणजे तीनशे यार्डांवरून जनावर टिपता येईल, असे त्याने मला विचारले. प्रश्न ऐकताच मला साठ वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा दिसला. त्याला मी जे तोंडी सांगितले तेच सविस्तर लिहून ठेवावे, म्हणजे निदान दुसऱ्या कोणाच्या पायावर माझ्यासारख्याची चूक निभावणार नाही, या हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

१९६५ सालापर्यंत आमच्या घरी वडिलांची बारा बोअरची दुनळी काय ती होती. मालगुजारी १९५१ साली गेली तरी बंदुकीचा परवाना आणि त्याबरोबर आलेली शिस्त वडिलांनी जतन केली होती. चाळीस पावलांपलीकडच्या जनावरावर चाप ओढावयाचा नाही, हा त्यांचा दंडक घरातील सर्वांना ठाऊक होता. मला मात्र तो दंडक जुन्या हत्याराचा दुबळेपणा वाटे. अर्ज, पोलीस-चौकशी, जिल्हा कचेरीचे हेलपाटे असे सर्व सोपस्कार वर्षभर करून मी इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातील .३१५ ची रायफल मिळविली, आणि तेवढ्याने समाधान न होऊन, शहरातील एका कारागिराकडून तिच्यावर चौपट मोठे दाखविणारी विलायती दुर्बीण बसवून घेतली. दुर्बिणीची बैठक नळीच्या वर नेमकी मधोमध आल्यामुळे मागच्या खाचेतून पुढची माशी दिसेनाशी झाली. याचा अर्थ काय होतो हे समजण्याइतका अनुभव मला नव्हता, आणि विचारण्याइतका विनयही नव्हता.

सराव म्हणाल, तर तो आठ काडतुसांचा. काडतुसे परवान्यावर मोजून मिळत आणि खिशालाही जड जात, त्यामुळे ती जपून वापरण्यात मला शहाणपण वाटे. निशाणासाठी मागे मातीचा भरपूर उंच बांध हवा एवढे कळत होते, म्हणून पवनीलगतच्या जगन्नाथ टेकडीच्या पोटाशी कागद लावण्याचा विचार मी करीत होतो. वडिलांनी तो धुडकावून लावला, कारण टेकडीभोवती गुराख्यांची वर्दळ असे. त्याच टेकडीच्या पोटातून १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि केंद्रीय पुरातत्त्व खाते यांच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप प्रकट झाला, तेव्हा वडिलांच्या त्या नकाराचे मोल मला दुपटीने जाणवले. शेवटी वैनगंगेच्या एका निर्जन दरडीशी, खाटेवर वाळूच्या पिशव्या रचून, त्यांवर रायफल टेकवून मी शंभर यार्डांवरून आठ गोळ्या झाडल्या. आठही गोळ्या, भंडाऱ्याच्या सहा इंची पितळी ताटलीभोवती कोळसा फिरवून काढलेल्या वर्तुळात बसल्या, आणि आपण तयार झालो अशी माझी खात्री पटली.

१९६६ च्या फाल्गुनात वनखात्याचा परवाना घेऊन आम्ही पवनीच्या पश्चिमेस, आज जेथे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे त्या रानाच्या कडेला, कोहळी समाजाने बांधलेल्या एका जुन्या तलावावर गेलो. बरोबर माग काढण्यात वाकबगार असे एक वयस्क गोंड गृहस्थ होते. पाणी आटून तलावाचे पोट उघडे पडले होते, आणि दिवस बुडता बुडता पलीकडच्या काठाखाली एक मोठे डुक्कर चिखलातील कंद उकरावयास उतरले. नुसत्या डोळ्यांना तो एक काळा ठिपका होता. दुर्बिणीत मात्र त्याच्या मानेवरचे राठ केस, हलणारे कान, चिखलाने माखलेली मुस्कटाची कडा इतकी स्वच्छ दिसू लागली की ते माझ्या हाताशी आले आहे असाच भास झाला. अंतर मी मनाशी दीडशे यार्ड धरले. म्हातारबांनी माझ्या दंडाला हात लावून म्हटले, "मालक, उघड्यावर दूरचा जवर दिसते, नोको मारा." मी गुडघ्यावर बसलो होतो, चालण्याने छाती भरून आली होती, खांदा कशालाही टेकलेला नव्हता. तरी मी चाप ओढला.

डुक्कर कोसळले, उठले, आणि तीन पायांवर झुडपांत शिरले. दुसऱ्या दिवशी दोरी टाकून मोजले तेव्हा अंतर दोनशे चाळीस यार्ड भरले. त्या रायफलीची २४४ ग्रेनची जड, बोथट टोकाची गोळी शंभर यार्डांवर बरोबर बसविलेली असली, तर दोनशेवर ती सुमारे वीतभर आणि अडीचशेवर जवळजवळ हातभर खाली येते. म्हणून खांद्यावर धरलेली माझी गोळी पुढच्या पायाचे हाड मोडून गेली होती. हे गणित नंतरचे. त्या क्षणी मात्र संधिप्रकाश असतानाच जखमी जनावर हाती लागावे या उतावळेपणाने मी रक्ताच्या मागावर निघालो, आणि मी निघालो म्हणून म्हातारबांनाही निघावे लागले. घाणेरीच्या जाळीतून पंधरा पावलांवरून ते जनावर सरळ आमच्यावर आले. मी रायफल खांद्याला लावली, आणि चौपट मोठे दाखविणाऱ्या त्या काचेत मला फक्त करड्या-काळ्या केसांचा एक धूसर पट्टा दिसला; डोके कोठे, पाय कोठे, जनावर कोठे आणि माणूस कोठे, काहीही उमगेना. उघडी माशी असती तर नळी नुसती रोखूनही गोळी घालता आली असती. मी गोळी झाडू शकलो नाही. सुळ्याने म्हातारबांची मांडी गुडघ्यापासून वर वीतभर फाडली.

धोतराचा पट्टा करून, काठीने पिळून मी रक्त थांबविले, आणि रात्रभर बैलगाडी हाकीत त्यांना दवाखान्यात आणले. ते वाचले, पण त्यानंतरची सारी वर्षे त्यांचा उजवा पाय पुरता मुडपत नसे. सकाळी वडिलांनी दुनळी घेऊन, त्या डुकराचा माग काढून, दहा पावलांवरून त्याची यातना संपविली. मला ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि ते न बोलणे मी अजून विसरलेलो नाही.

पुढे मी जे शिकलो ते येणेप्रमाणे. दुर्बिणीने दृष्टी लांबते, हात लांबत नाही. किती अंतरावरून मारावयाचे हे काचेने ठरवावयाचे नसून आपल्या कागदावरील भोकांनी ठरवावयाचे असते. त्यासाठी मी एक वही घातली. आठवड्यातून दोनदा सकाळी, थंड नळीतून, फक्त एक गोळी. तीही खाटेवरून नव्हे, तर रानात ज्या बैठकीत बसावे लागते त्याच बैठकीत, थोडे चालून श्वास चढलेला असताना. कागद मात्र तोच ठेवावयाचा. नळी तापल्यावर लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांचा घोस सुंदर दिसतो, पण जनावरावर पडते ती पहिली गोळी, आणि तेल पुसून काढलेल्या थंड नळीतून ती कोठे जाते हे फक्त या रीतीनेच कळते. दीड महिन्यात कागदावर बारा भोके झाली. शंभर यार्डांवर त्यांतील अकरा ताटलीत होती. दीडशेवर तेवढ्याच गोळ्यांपैकी सात. माझी हद्द मला समजली. ती शंभराची होती, आणि कितीही वाईट वाटले तरी मी ती पाळली.

काडतुसे न जाळता होणारा सराव याहून मोठा आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नळीवर रुपया ठेवून चाप ओढावा. रुपया न पडता शंभर वेळा चाप ओढता येईतो काडतुसाला हात लावू नये. दुर्बिणीमुळे डोळा वर येतो आणि गाल दस्त्यावरून सुटतो, हा माझ्या रायफलीचा दोष मला घोंगडीचा तुकडा दस्त्यावर बांधून काढावा लागला. गाल प्रत्येक वेळी एकाच जागी टेकला नाही, तर उत्तम काचही निरुपयोगी. बैलगाडीच्या, आता मोटरसायकलीच्या, हादऱ्यांनी बैठकीचे स्क्रू ढिले पडतात. त्या प्रसंगानंतर रायफल तपासली तेव्हा माझी गोळी दोन इंच उजवीकडे जात होती. म्हणून प्रवासानंतर एक गोळी कागदावर झाडल्यावाचून रानात पाऊल टाकू नये. ताशी दहा मैलांचा आडवा वारा या गोळीला दोनशे यार्डांवर सहा इंच बाजूला नेतो, आणि नदीच्या पात्रात तर काठावरचे गवत एकीकडे व मधल्या वाळूवरची धूळ दुसरीकडे वाहताना मी पाहिली आहे. पाण्यावर कधीही गोळी झाडू नये. ती उसळून कोठे जाईल याचा नेम नसतो. दुर्बीण घ्यावयाचीच असेल, तर कमी शक्तीची घ्यावी आणि तिच्याखालून माशी दिसेल अशी बैठक करून घ्यावी. आणि जखमी जनावरामागे अंधारात जाऊ नये. माणसे दूर ठेवून, उजाडल्यावर, जवळून मारावयाचे हत्यार घेऊन जावे.

सप्टेंबर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशीच्या शिकारीला आळा बसला, १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले असे मी मनापासून मानतो. आता पीक तुडविणाऱ्या जनावराबाबत अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच बंदूक उचलता येते, आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. त्या तरुणाला मी म्हटले की, कागद हाती येईपर्यंत बांधीच्या धुऱ्यावर मचाण बांध, जनावर कोणत्या वाटेने येते ते पाहून ठेव, आणि मचाणापासून त्या वाटेपर्यंतचे अंतर दोरीने मोज. आठ दिवसांनी तो पुन्हा आला. अंतर पस्तीस यार्ड भरले होते. दुर्बिणीचा विषय त्याने काढला नाही. माझी जुनी वही मात्र मागून घेतली, आणि ओसरीवर बसून तो तिच्यात जपलेल्या कागदांवरील भोके बोटाने मोजू लागला.