घुबड आणि डॅफ्निया : एकच औषध, दोन परिणाम

औषधाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण आपण पाहतोच. लाल त्रिकोणाचे औषध सर्वांत जहाल, तर हिरव्याचे सर्वांत कमी विषारी. परंतु ही वर्गवारी प्रयोगशाळेतील उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरील चाचण्यांवरून ठरते. शेतातील इतर जिवांना धोका किती, हे त्रिकोणावरून कळत नाही. दोन अगदी वेगळ्या जिवांची तुलना केल्यास हे स्पष्ट होते.

शेताचा व तळ्याचा राखणदार

गव्हाणी घुबड हा शिकारी पक्षी. रात्री नुसत्या चाहुलीवर ते उंदीर पकडते, बहुधा सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळ्याच्या रूपात ओकून टाकते. डॅफ्नियाला पाण्यातील पिसू म्हणतात. मात्र ती कीटक नसून कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी गटातील आहे. लांबी साधारण १ ते ५ मि.मी. ती पाणी गाळून शेवाळाचे सूक्ष्म कण खाते आणि स्वतः कटलासारख्या माशांचे खाद्य बनते.

विष पोचते कसे?

डॅफ्नियाला विष थेट पाण्यातून मिळते. सायपरमेथ्रिन पक्ष्यांना फारसे विषारी नाही. डॅफ्नियाला मात्र लिटरमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भागही घातक ठरतो. म्हणूनच औषधांच्या चाचणीत तिला ४८ तास औषधाच्या पाण्यात ठेवून परिणाम पाहतात.

घुबडाला विष भक्ष्यातून मिळते, तेही सावकाश. ब्रोमॅडिओलोनचे आमिष खाल्लेला उंदीर काही दिवस जगतो. औषध त्याच्या यकृतात साठते. असे उंदीर वारंवार खाल्ल्यास घुबडाचे रक्त गोठत नाही व ते दगावते. ब्रिटनमध्ये डीडीटीमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांचे कवच पातळ झाल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. तेथेही विष भक्ष्यातूनच आले होते.

काय करावे?

१. फवारणी पंप शेततळे, विहीर किंवा ओढ्यात धुऊ नये. धुतलेले पाणी पाणवठ्यापासून दूर, पडीक जागेत ओतावे.

२. वारा तळ्याकडे वाहत असताना फवारणी करू नये. काठालगतची पट्टी फवारणीविना सोडावी.

३. आमिष उघड्यावर न टाकता बिळात खोल ठेवावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

४. उंदीर थोडे असल्यास आधी सापळे लावावेत. ढोलीची जुनी झाडे राखावीत. घुबडाला अपशकुनी समजून हुसकावू नये.

फवारणीपूर्वी व नंतर तळ्याचे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरावे. झटके देत पोहणारे बारीक ठिपके दिसतात, ती डॅफ्निया. फवारणीनंतर ती एकाएकी नाहीशी झाल्यास औषध पाण्यात उतरल्याची शंका घ्यावी आणि पुढील फवारणीपूर्वी वरील चारही गोष्टी तपासाव्यात.