चेनचा रनर सैल झाला तर

जळगावच्या फुले मार्केटात असो की धुळ्याच्या आग्रा रोडवर, रेडीमेड विकणाऱ्या व्यापारी बांधवांना एक तक्रार नेहमीची आहे. पँट नवी, कापड पक्के, शिलाई मजबूत. पण चेन लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक माल परत आणतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की दप्तरांचेही तेच. बरेच दुकानदार असा नग कोपऱ्यात टाकतात किंवा निम्म्या भावात काढतात. आम्ही कापडाच्या धंद्यातले, लोहारकाम आमचे नव्हे. तरी हा हुन्नर दुकानात आणि घरात प्रत्येकाला यावा असे आम्हांस वाटते. त्याला एक पक्कड आणि पाच मिनिटे लागतात.

प्रथम दोष कुठे आहे तो ओळखावा. रनर वर ओढला, तो सरकलाही, पण त्याच्या मागे दाते उघडेच राहिले, तर दाते बहुधा शाबूत असतात. दोष रनरचा. रनरला वरच्या बाजूस दोन तोंडे असतात, खालच्या बाजूस एक. दोन्ही तोंडांतून आलेले दाते आत एकमेकांत बसतात आणि खालून जोडलेले निघतात. वापराने रनरची आतली धातू झिजते, कडांमधली फट वाढते, आणि दात्यांवरचा दाब कमी होतो. एवढेच बिघडलेले असते.

दुरुस्तीसाठी रनर अगदी खाली, चेन पूर्ण उघडी राहील असा आणावा. पकडीच्या जबड्यात कापडाची चिंधी धरावी, म्हणजे पॉलिश जात नाही. मग रनरच्या मागच्या, म्हणजे एका तोंडाच्या टोकाशी, आधी डावी कड हलकेच दाबावी, नंतर तितकीच उजवी. पुढची दोन तोंडे दाबू नयेत. लगेच चेन लावून पाहावी. लागत नसेल तर पुन्हा थोडेसे. इथे जोर दाखवणाऱ्याचे काम बिघडते. बहुतेक रनर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात; ही धातू पितळेसारखी वाकत नाही, एकदम तुटते. तुटलेल्या रनरला डाग देण्याच्या भरीस पडू नये, तो नीट धरत नाही. चिकटवण्याचे द्रव तर मुळीच लावू नये. दात्यांत उतरले की सगळी चेन गेली.

चेन लागते पण जड चालते, तर दात्यांवर मेणबत्ती घासावी. पेन्सिलीचे शिसेही चालते, मात्र फिकट कापडावर डाग पडतो. तेल तर कापडाचा दुश्मनच. ओढायची पट्टी तुटली असेल तर तिथे लहान कडी घालावी. धातूचा एखादा दाता मधूनच गळाला असेल, तर मात्र वेळ न दवडता चेनच बदलावी.

दाबलेला रनर किती टिकेल? झिजलेली धातू काही परत येत नाही. म्हणून विक्रीच्या मालात दाबून भागवू नये, नवा रनर घालावा. आणि वापरातला नग दाबून दिला असेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे. नवा घालताना चेनचे खालचे टोक उसवावे, तिथली धातूची कडी काढावी, दोन तोंडे वर ठेवून दोन्ही पट्ट्या एकसारख्या आत सरकवाव्यात आणि रनर वर ओढावा. एक बाजू एका दात्याने जरी पुढे गेली तरी चेन वाकडी बसते. कडीच्या जागी जाड दोऱ्याचे सात-आठ टाके पुरतात.

हे काम मोची फार सफाईने करतात, आणि त्यांचा त्यावर हक्कही जुना आहे. अमेरिकेत जडसन नावाच्या गृहस्थाने १८९३ साली अशा बंदाचे पेटंट घेतले ते बुटांसाठीच. आजच्या धर्तीची चेन सुंडबॅक यांनी बनवली, तिचे पेटंट १९१७ चे.

रनर खरेदी करताना त्याच्या पाठीवरचा आकडा पाहावा: ३, ५, ८, १०. हा साधारणपणे बंद दात्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. धातूच्या दात्यांचा रनर नायलॉनच्या चेनला चालत नाही, आकडा तोच असला तरी. त्यामुळे जुना रनर खिशात घालूनच दुकानात जावे. आमच्या गल्ल्याजवळच्या डबीत ३ आणि ५ नंबरचे, दोन्ही जातींचे, डझन-डझन पडलेले असतात.