घोळीची भाजी आणि आजीचा मुतखडा

पाऊस पडला की जळगाव-धुळ्याकडे शेताच्या बांधावर घोळ आपोआप उगवते. तिची मऊ भाजी दात नसलेल्या आजीलाही खाता येते. पण आजीला मुतखडा असेल तर? पालकाप्रमाणेच घोळीत ऑक्झॅलेट बरेच असते. मूत्रात कॅल्शियमशी संयोग पावून त्याचे खडे बनतात. त्यातील विद्राव्य भाग उकळत्या पाण्यात उतरतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर भाजी उकळून पिळावी व पाणी फेकावे. (सोबत क जीवनसत्त्वही जाते, हा तोटाच. खडा नसणाऱ्यांनी पाणी फेकू नये.) जेवताना दही घ्यावे. खड्यात कॅल्शियम आणि वर पुन्हा दही? होय! दह्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच पकडते. मग बरेचसे ऑक्झॅलेट रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडते.