शाळेच्या पोरांना हो म्हण



शाळेने चौदा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवायला बोलावले, आणि 'मी काय म्हातारा झालो?' म्हणून तू टाळतो आहेस, असे ताई सांगत होती. खेळणे संपले की शिकवणे, हा समज जुना आहे. खालिद जमील यांची कारकीर्द पाहिली तर तो टिकत नाही. राष्ट्रीय लीगच्या पहिल्या वर्षांत पुढे आलेल्या पिढीतले हे खेळाडू. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, देशाची जर्सी, सगळे मिळाले. दुखापतींनी मात्र पिच्छा सोडला नाही. २००९ मध्ये, बत्तिशीतच, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. हाताशी ना पैसा, ना मोठी नावे. तरी २०१६ पर्यंत संघ आय-लीगमध्ये तगला. ते गेले आणि पुढच्याच हंगामात संघ खाली घसरला. त्याच हंगामात मिझोरामच्या ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून. यातला निम्मा वाटा नशिबाचा असेलही, पण सात वर्षे संघ टिकवणे नशिबाने होत नाही.

तू म्हणशील, ते भारताकडून खेळले, माझे जिल्ह्यापलीकडे कोण ऐकणार? मग हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम बघ. पेशाने शिक्षक, खेळाडू म्हणून त्यांची आठवण कोणी काढत नाही. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकले, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. आपल्या झाडीपट्टीत हे कळायला जड जाऊ नये: नाटक बसवणारा प्रत्येक जण रंगमंचावर गाजलेला नट असतोच असे नाही.

दुसरी शंका अधिक खरी आहे. या धंद्यात श्रेय खेळाडूला, शिव्या प्रशिक्षकाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जमील राष्ट्रीय प्रशिक्षक झाले, सप्टेंबरमध्ये ओमानला हरवून मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरे आले, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून हरल्यावर आशिया चषकाचे दारच बंद झाले. ही अस्थिरता मी नाकारत नाही. म्हणून तर नोकरी सोड असे म्हणत नाही. खेळत असतानाच शिकवायला लाग, म्हणजे पुढे गुडघ्याने दगा दिला तरी हातात काही उरेल. शिवाय बारा वर्षांच्या पोराला पास कधी द्यायचा हे समजावताना आपण तो का देतो, हे आधी स्वतःला नीट कळावे लागते. तुझा खेळ त्याने बिघडणार नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पोरे कमी येतील, तेव्हा सराव सकाळी ठेव. फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षकांसाठीच्या डी परवान्याची चौकशीही करून ठेव. फीचे मी बघतो.

तुझा,
मामा