गिरणगावातली गल्ली

कोकणात जा, नाही तर घाटावर जा. ज्या घरातले कोणीच मुंबईला गेले नाही, असे घर क्वचितच सापडेल. कोणाचा आजा गेला, कोणाचा चुलता गेला. "कुठे असतो हो तुमचा माणूस?" असे विचारले, की घरचे सांगायचे, "ममईला. गिरणीत हाय."

तो माणूस तिथे राहायचा कसा? जेवायचा कुठे? चला, आज आपण त्याच्या गल्लीत एक फेरी मारू.

भोंगा

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. १८५६ साली ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या. लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागांत त्यांची दाटी झाली. म्हणून या मुलखाला लोक गिरणगाव म्हणू लागले.

इथे कोंबड्याऐवजी भोंगा आरवायचा. पहिली पाळी सकाळी ७ वाजता सुरू होई. त्याआधीच नळावर रांग लागे. बादल्या वाजत, भांडणे होत, आणि भोंगा झाला की सगळी गल्ली पायांनी भरून जाई. दुपारी साडेतीनला पाळी बदले. रात्री बाराला पुन्हा बदले. गल्ली कधी झोपतच नसे.

खोली लहान, गल्ली मोठी

चाळीतली खोली म्हणजे दहा बाय बाराची. तीत एका गावची दहा-पंधरा माणसे राहायची. सगळी एकदम आत मावायची नाहीत. दिवसपाळीवाला कामाला गेला, की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. ट्रंका भिंतीला लावलेल्या, वळकट्या दोरीवर टांगलेल्या.

मग बाकीचा वेळ माणूस काढणार कुठे? गल्लीत! तिथेच दाढी, तिथेच गप्पा, तिथेच भजन. उन्हाळ्यात झोपही फुटपाथवरच. नाक्यावरच्या हाटेलात एकाने पेपर मोठ्याने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा. गावाकडचे कार्ड आले, की ते घेऊन शिकलेल्या माणसाकडे जायचे. बायकोने कळवलेले सुखदुःख परक्याच्या तोंडून ऐकायचे! आणि परक्याच्याच हाताने उत्तर लिहायचे. मनातले निम्मे मनातच राहायचे.

खानावळवाली

बहुतेकांच्या बायका गावी शेत बघत. मग भाकरी कोण देणार? याच गल्लीतल्या बाया. एकेक बाई पंधरा-वीस गड्यांचे रांधायची. पहाटे चूल पेटवायची, ती रात्रपाळीवाला जेवून उठेपर्यंत विझायची नाही. जेवणारा महिन्याने पैसे द्यायचा. जेवढे खाडे, तेवढे पैसे कमी.

पण वाण्याला महिनाभर थांबवायचे कसे? म्हणून बाई सावकाराकडे जायची. मंगळसूत्र गहाण पडायचे. व्याज इतके, की कष्ट बाईचे आणि कमाई सावकाराची. बँक काही लांब नव्हती. पण बँक जामीन मागायची, कागद मागायची. बाईकडे दोन्ही नाही.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र केले. अन्नपूर्णा महिला मंडळ निघाले. बाया एकमेकींसाठी उभ्या राहिल्या आणि बँकेचे कर्ज मिळाले. ज्या बाईला कालपर्यंत कोणी दारात उभे करत नव्हते, ती आता खातेदार झाली. पैसा तर मिळालाच. पण "मी कागदावर आहे," ही जाण त्याहून मोठी होती.

भोंगा थांबला

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने गेले, वर्ष गेले, पण तोड निघाली नाही. कोणी भांडी विकली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वळकटी बांधून गावी आले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. गडीच नाहीत, तर खानावळ कोणासाठी? कित्येक चुली थंड झाल्या.

गिरण्या गेल्या, पण त्यांच्याखालची जमीन होती. सुमारे ६०० एकर, आणि तीही मुंबईच्या मध्यावर. आता त्या जमिनीवर उंच इमारती आहेत, काचेची दुकाने आहेत. हे कसे झाले, ते नीट ऐकण्यासारखे आहे.

एका शब्दाची किंमत

१९९१ साली सरकारने एक नियम केला. गिरणीची जागा पाडून नवे बांधायचे असेल, तर मोकळ्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे. एक वाटा शहराला, बागा-मैदानांसाठी. एक वाटा सामान्यांच्या घरांसाठी. एक वाटा मालकाला.

२००१ साली हा नियम बदलला. वाटे तीनच राहिले. पण "मोकळी जमीन" म्हणजे कोणती, ते बदलले. जिच्यावर आधीपासूनच बांधकाम नाही, तेवढीच मोकळी. गिरणीची शेड पाडून जी जागा मोकळी होईल, ती वाटणीत धरायची नाही.

आपण आपल्या भाषेत हिशोब करू. समजा, एका गिरणीची जमीन ९ एकर आहे. ८ एकरांवर शेड आहे आणि १ एकर रिकामी आहे. सगळ्या जमिनीचे तीन वाटे केले, तर प्रत्येक वाटा ३ एकरांचा, म्हणजे १२० गुंठ्यांचा. फक्त रिकाम्या एकराचे तीन वाटे केले, तर प्रत्येक वाटा १३ गुंठ्यांच्या आसपास. कुठे १२० आणि कुठे १३!

लोक कोर्टात गेले. २००५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नवा नियमच कायम ठेवला. बागांचा वाटा आटला. घरांचाही आटला. काही कामगारांना सोडतीत घरे मिळाली, पण पुष्कळांचे डोळे वाट बघून थकले.

बघा, भांडण तलवारीचे नव्हते. एका शब्दाचा अर्थ काय धरायचा, याचे होते.

आपण काय घ्यावे?

गल्लीतला गडी दुसऱ्याकडून कार्ड वाचून घ्यायचा. आज आपण स्वतः वाचतो आहोत. ही मोठी कमाई आहे. पण अक्षर लागले म्हणजे काम संपले नाही. सातबारा असो, कर्जाचा कागद असो, ग्रामसभेचा ठराव असो, त्यातल्या शब्दाचा अर्थ विचारावा. एकट्याला कळला नाही, तर चार जणांनी बसून लावावा. खानावळवाल्या बाया एकट्या होत्या तोवर सावकाराच्या होत्या. एकत्र आल्या, तेव्हा स्वतःच्या झाल्या.

प्रश्न

१. गिरणीकामगार खोलीपेक्षा गल्लीत जास्त वेळ का काढत?
२. खानावळवाल्या बाईला सावकाराकडे का जावे लागे?
३. "मोकळी जमीन" या शब्दांचा अर्थ बदलल्याने काय झाले?
४. तुमच्या घरातला एखादा कागद आणा. त्यातले न कळलेले शब्द वहीत लिहा आणि वर्गात विचारा.