प्रत्येकाच्या खाण्याप्रमाणे : ईस्टरचा खाऊ आणि अन्नाची ॲलर्जी असलेली मुले

वाचनासाठी : निर्गम १२:१-४; रोमकरांस पत्र १४:१३-२१



वल्हांडणाचे नियम आपण वाचतो ते बहुधा कोकऱ्याचे रक्त, दाराची चौकट आणि बेखमीर भाकर यांसाठी. चौथ्या वचनातला एक घरगुती तपशील त्यात मागे राहतो. कोकरू किती जणांत पुरवायचे हे ठरवताना नुसती डोकी मोजायची नाहीत, प्रत्येकाचे खाणे केवढे आहे तेही धरायचे. घर लहान असेल तर शेजारी जोडून घ्यायचा. सुटकेच्या रात्रीची एवढी घाई, तरी पंगतीला कोण बसणार याचा हिशेब आधी. येथे प्रश्न ‘किती’ खाण्याचा आहे, ‘काय’ खाण्याचा नाही, हे खरे. पण सणाचे ताट माणसाकडे पाहून वाढावे हा धडा त्यातून घ्यायला हरकत नसावी.

ईस्टर जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून वसतिगृहांतल्या मुलांसाठी खाऊची पाकिटे निघतात. चॉकलेटची अंडी, केकचा तुकडा, शेंगदाण्याची चिक्की, कधी मार्झिपान. देणाऱ्याचे मन चांगलेच असते. एका वसतिगृहात मात्र एक मुलगी आपले पाकीट दरवर्षी मैत्रिणीला देऊन टाकी. सगळे तिच्या उदारपणाचे कौतुक करीत. तिच्या घशाला शेंगदाणा खाल्ला की खाज सुटते आणि ओठ सुजतात, हे स्वयंपाकाच्या मावशींच्या लक्षात आले तेव्हा ती सहावीत होती. ‘ॲलर्जी’ हा शब्द तिला ठाऊकच नव्हता. घरी पावरी बोलणारे, नुकतेच मराठी शिकलेले मूल “मला नको” एवढेच म्हणते, आणि मोठी माणसे त्याला नखरे म्हणतात.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यावरून भावाला अडखळण होऊ देऊ नका असे सांगतो. हा अध्याय या विषयाला लावताना एक सावधगिरी हवी. तेथे बोलणे विवेकबुद्धीविषयी आहे, आणि ‘दुर्बळ’ म्हटले आहे ते विश्वासाने दुर्बळ. ॲलर्जी हा विश्वासाचा दुबळेपणा नव्हे. “प्रार्थना करून खा, काही होत नाही” असे मुलाला कोणीही सांगू नये. पौलाचा जो निष्कर्ष आहे, की माझ्या खाण्याच्या मोकळिकीपेक्षा भाऊ मोठा, तो मात्र येथे अगदी शब्दशः लागू पडतो.

शिवाय ईस्टरच्या खाऊत सोडता येणार नाही असे काही नाही. जुन्या मंडळीत उपवासकाळात मांसाबरोबर अंडी आणि दूधही वर्ज्य असे. कोंबड्या काही अंडी घालायच्या थांबत नसत, त्यामुळे उपवास सुटताच अंडी भरपूर असत. रिकाम्या कबरेचा अर्थ त्यांना जोडला गेला, आणि चॉकलेट तर त्यानंतर कितीतरी शतकांनी आले. अंड्याची आज्ञा शास्त्रात कोठेही नाही.

आता ॲलर्जी म्हणजे काय ते थोडक्यात. अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू समजते. दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-बदाम, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकडे आणि तीळ हे त्यातले नेहमीचे पदार्थ. दूध न पचून पोट फुगणे ही वेगळी गोष्ट. त्यात त्रास होतो, पण जीव धोक्यात येत नाही. खऱ्या ॲलर्जीत चिमूटभरही पुरते. दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते, शेंगदाण्याची बहुधा राहते. ती गेली की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे, सणाच्या दिवशी आपण चाखायला देऊन नव्हे.

खाऊ विकत घ्यायचा तर वेष्टन वाचावे लागते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो, पण तो फक्त पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. अंडे घातलेले नाही हे त्यावरून कळते. दूध, शेंगदाणा, काजू यांबद्दल तो गप्प असतो. आपल्या देशातील २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, अंडे, मासे, कोळंबीसारखे कवचाचे प्राणी, शेंगदाणा, सुकामेवा आणि सोया यांचा उल्लेख वेष्टनावर वेगळा करावा लागतो. तीळ त्या यादीत नाही, म्हणून तिळासाठी घटकांची सगळी यादी वाचावी. ‘असू शकते’ अशी ओळ दिसली तर एकाच यंत्रावर दोन पदार्थ बनतात असे समजावे. बिनदुधाच्या म्हणून घेतलेल्या काळ्या चॉकलेटवर ही ओळ पुष्कळदा सापडते. वीगन चिन्ह असले तरी त्यात काजू-बदाम असू शकतात.

सुट्या मिठाईला आणि बेकरीच्या मालाला वेष्टन नसते, तेथे वाचणार काय? मार्झिपान मूळचे बदामाचे, आपल्याकडे बहुधा काजूचे. काही जण त्यात अंड्याचा पांढरा बलकही घालतात. राजगिऱ्याची चिक्की ऐकायला निर्धोक वाटते, पण ज्या ओट्यावर शेंगदाण्याची लाटतात त्यावरच ती लाटली जाते. अशा मालाच्या बाबतीत दुकानदाराचा शब्द मी तरी पुरेसा मानत नाही.

म्हणून माझे मत स्वच्छ आहे. ॲलर्जीच्या मुलाला वेगळी वाटी देऊन बाजूला बसवण्यापेक्षा, सगळ्यांचा खाऊच असा ठरवावा की तोही खाऊ शकेल. मुलाला चॉकलेट हुकल्याचे दुःख थोडे असते. आपले ताट वेगळे आहे याचे जास्त. आधी वसतिगृहाला विचारावे की कोणाला काय चालत नाही, आणि मग बेत करावा. एप्रिलच्या सुमारास कलिंगड असते, केळी असतात. गोड हवेच असेल तर मुरमुऱ्याची ‘अंडी’ करावीत. महिला मंडळाला एका सकाळी शंभर मुलांपुरती सहज होतात.

प्रमाण असे : चार वाट्या मुरमुऱ्यांना पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि दोन चमचे पाणी. मुरमुरे आधी कोरडे भाजून कुरकुरीत करावेत. गुळाचा पाक थेंब पाण्यात टाकल्यावर कडक गोळी होईल इतका करावा, गॅस बंद करून मुरमुरे घालावेत आणि हाताला पाणी लावून गरम असतानाच लांबट, अंड्याच्या आकाराचे लाडू वळावेत. गार झाले की रंगीत कागदात गुंडाळावेत. यात तूप नको, कारण तूप दुधाचेच. कढईला तेल लावायचेच तर सूर्यफुलाचे. घाण्याचे शेंगदाणा तेल मुळीच नाही. मुरमुरेही बंद पाकिटातले, वेष्टन वाचून घ्यावेत. भडभुंज्याकडे त्याच कढईत शेंगदाणे भाजले जातात. कढई, झारा, ताटे साबणाने घासलेली असावीत आणि त्या दिवशी त्या ओट्यावर दुसरे काही करू नये. नाचणीचे पीठ भाजून त्याचे गुळातले लाडूही चालतात, फक्त पीठ गव्हाच्या गिरणीतून दळून आणलेले नसावे.

अंडी रंगवण्याची हौस शब्बाथशाळेत असतेच. त्याऐवजी नदीतले गुळगुळीत गोटे रंगवता येतात. सातपुड्यात गोट्यांना काय तोटा! कबरेवरून लोटलेल्या धोंडेची गोष्टही मुलांना त्यावरून सांगता येते. गोटे अंगणात लपवावेत, आणि ज्याला सापडेल त्याने तो आणून टेबलावरून एक लाडू घ्यावा. पाकिटे परस्पर वाटण्यापेक्षा हे बरे, कारण कोण काय खाते ते मोठ्यांच्या नजरेसमोर राहते.

शहरातून खाऊ पाठवणाऱ्यांना एक विनंती. मोठ्या डब्यातला माल सुटा करून सुंदर पिशव्यांत भरू नका. वेष्टन गेले की वसतिगृहाच्या ताईंना वाचायला काही उरत नाही. वेष्टनासकट पाठवा, आणि निदान आठवडाभर आधी, म्हणजे त्यांना पाहून निवडता येईल.

एवढे करूनही कधी त्रास झालाच, तर तो बहुतेक वेळा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतो. नुसत्या गांधी उठल्या तरी मुलाला एकटे सोडू नये. ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वासाला घरघर, पुन्हा पुन्हा उलटी, एकाएकी गळून जाणे, यांतले काहीही दिसले तर पित्ताची गोळी देऊन वाट पाहत बसू नका. यावर उपाय ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते स्वतः टोचायचे पेन आपल्याकडे सर्रास मिळत नाही, म्हणून १०८ ला फोन करावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, आणि निघतानाच तेथे फोन करून ॲड्रेनलिन तयार ठेवायला सांगावे. मुलाला चालवू नये. आडवे ठेवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर टेकवून बसवावे. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, तेव्हा डॉक्टर सोडतील तोवर त्याला तेथेच राहू द्यावे.