सुधाकराचे स्खलन आणि ॲरिस्टॉटलचा संयमविचार

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. शोकात्मिका म्हणून त्याचा विचार करताना ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तील ‘हॅमार्शिया’, म्हणजे नायकाच्या हातून घडणारा प्रमाद, ही संकल्पना सहज आठवते. तथापि सुधाकराचे स्खलन उलगडण्यास त्याच तत्त्वज्ञाचे ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ अधिक उपकारक ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण सुधाकराचा प्रश्न न कळण्याचा नसून, कळूनही न वळण्याचा आहे.

या अवस्थेस ग्रीक विचारात ‘अक्रासिया’ अशी संज्ञा आहे. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात सॉक्रेटिस तिची शक्यताच नाकारतो: हित खरोखर जाणणारा मनुष्य अहित आचरणार नाही. ॲरिस्टॉटल आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात अनुभवाची बाजू घेतो. वासनेच्या प्रभावाखालील मनुष्यापाशी ज्ञान असते; पण ते एम्पेडोक्लिसची पद्ये म्हणणाऱ्या मद्यप्याच्या ज्ञानासारखे. शब्द ओठांवर, अर्थ मात्र अंतःकरणात उतरलेला नाही.

ॲरिस्टॉटल संयम सुटलेला आणि दुराचारी यांत भेद करतो. दुराचाऱ्यास आपले वर्तन योग्यच वाटते, म्हणून त्यास पश्चात्ताप नाही. संयम सुटलेल्यास तो असतो. आर्यमदिरामंडळातील तळीराम पहिल्या वर्गातील, सुधाकर दुसऱ्या. शिवाय सुधाकराचा आरंभ वासनेतून नव्हे, तर न्यायालयातील अपमानाने दुखावलेल्या अहंकारातून होतो. क्रोधामुळे सुटलेला संयम ॲरिस्टॉटल कमी लज्जास्पद मानतो. सुधाकराविषयी सहानुभूती टिकते, याचे एक कारण येथे सापडते.

मग त्याच्यावर जबाबदारी किती? एकदा जडलेले व्यसन सुटत नाही, हे तो रामलालला तर्कशुद्धपणे पटवून देतो. ॲरिस्टॉटलही तिसऱ्या खंडात म्हणतो की, फेकलेला दगड परत घेता येत नाही. मात्र त्यावरून तो निराळा निष्कर्ष काढतो: फेकणे आपल्या हाती होते, म्हणून उत्तरदायित्वही आपलेच. स्वभाव वारंवार केलेल्या कृतींनी घडतो. जखडलेपण हे जबाबदारीतून सुटकेचे प्रमाणपत्र नव्हे.

या दृष्टीने नाटकाचे शीर्षक अर्थपूर्ण ठरते. ‘एकच’ हा शब्द दगड अद्याप हातात असल्याच्या क्षणाकडे निर्देश करतो. सुधाकराची शोकांतिका मद्यात नसून, तो क्षण क्षुल्लक मानण्यात आहे. नाटकास केवळ मद्यपाननिषेधाचा प्रचार समजणारे वाचन म्हणूनच अपुरे पडते.